राणीच्या बागेतली सावली

भायखळा स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की थोड्याच अंतरावर राणीच्या बागेचं फाटक लागतं. बाहेर बस, टॅक्सी, हॉर्न यांचा नुसता कल्लोळ. आत शिरून मोठ्या झाडांखाली आलं की तो हळूहळू विरत जातो. पेंग्विन आणि वाघ बघायला उसळलेल्या रविवारच्या गर्दीतही इथे निवांत कोपरा मिळतो, कारण ही जागा मुळात प्राण्यांसाठी नव्हतीच. ती झाडांसाठी होती.

पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेची पहिली बाग शिवडीला होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली आणि बाग भायखळ्याला आली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांनी ती लोकांसाठी खुली केली. व्हिक्टोरिया राणीचं नाव दिलं म्हणून ती 'राणीचा बाग' झाली. (जुन्या मुंबईकरांच्या तोंडी बाग पुल्लिंगीच.) पुढे वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव मिळालं, तरी बोलण्यात राणी राहिलीच.

काळही लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले होते, मुंबईत पैसा आणि माणसं दोन्ही लोटत होती. पुढे भायखळा, लालबाग, परळ या पट्ट्यात गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत अख्खं बिऱ्हाड राहायचं. अशा घरांना ५० एकरांहून मोठं हिरवं अंगण मिळालं, हे मला या बागेचं सगळ्यात मोठं काम वाटतं. प्राणिसंग्रहालयासाठी जागा वाढवली ती १८९० मध्ये, म्हणजे बाग पंचविशी ओलांडल्यावर.

शेजारचं संग्रहालय १८७२ चं. आज ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखलं जातं. त्याच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला 'एलिफंटा' म्हटलं, तोच हा. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याच्या खटाटोपात तो फुटला. १९१४ मध्ये तुकडे जुळवून इथे पुन्हा उभा केला. १९६५ मध्ये काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळाही, याच बागेत येऊन विसावला.

पण खरी श्रीमंती झाडांची. सुमारे तीन हजार झाडं, अडीचशेहून जास्त जाती. फुगीर बुंध्याची गोरखचिंच आहे, ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी आहे. मी मात्र दर वेळी कैलासपतीपाशी थांबतो. याची फुलं शेंड्याला येत नाहीत. थेट खोडातून फुटलेल्या दोरखंडासारख्या डहाळ्यांवर लगडतात. पाकळ्या जाड, गुलाबी-लालसर, आणि मधला भाग नागाच्या फण्यासारखा पुढे वळलेला. त्या फण्याखाली इवलीशी पिंड. खाली पडलेलं फूल उचलून नाकाशी धरावं, वास हातालाही बराच वेळ राहतो.

२००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालय नव्याने उभारण्याचा मोठा आराखडा आला, तेव्हा नागरिकांना धास्ती वाटली ती याच झाडांची. काहींनी एकत्र येऊन एकेका झाडाची नोंद केली, पालिकेशी वर्षानुवर्षं भांडण मांडलं. मूळ आराखडा बारगळला. पेंग्विन आले, नवे पिंजरे झाले, आणि जुनी झाडं अजून उभी आहेत. बुधवारी बाग बंद असते. बाकी कुठल्याही दिवशी सकाळी लवकर गेलात तर कैलासपतीखाली ताजा सडा मिळेल.