दिवसाचं तिकीट आणि रात्रीचं तिकीट : डिस्नीच्या पार्कांतल्या हॅलोविन-ख्रिसमसची पार्श्वभूमी

ऑगस्टचा दुसरा आठवडा ते डिसेंबरचा तिसरा आठवडा. नोव्हेंबरच्या सुरुवातीचे मोजके दिवस सोडले तर या काळात फ्लोरिडातल्या डिस्नीच्या मॅजिक किंगडम पार्कात आठवड्यातल्या कित्येक संध्याकाळी तेच घडतं. सहा वाजतात, आणि ज्यांच्या मनगटावर हॅलोविन किंवा ख्रिसमसच्या, वेगळ्या तिकिटाच्या पार्टीची पट्टी नाही त्यांना कर्मचारी हसतमुखाने दाराकडे वळवू लागतात. सकाळपासून रांगा लावलेली कुटुंबं बाहेर पडतात. चारपासून आत आलेली, पार्टीचं तिकीट काढलेली माणसं राहतात, आणि सातपासून मध्यरात्रीपर्यंत पार्क त्यांचं असतं.

हॅलोविन सरस की ख्रिसमस, ही तुलना बहुतेक वेळा मिरवणूक, आतषबाजी, खाऊ आणि सजावट यांवर होते. पण या दोन सणांमधला खरा फरक वेगळ्या ठिकाणी आहे: कोणता सण दिवसाच्या तिकिटात मिळतो आणि कोणत्या सणासाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात. त्याची मुळं शोधायला फार मागे जावं लागत नाही.

ख्रिसमस पार्कात आला तो गाण्यातून. कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइमचं डिस्नीलँड 1955 मध्ये उघडलं, आणि 1958 पासून तिथे डिसेंबरमध्ये मेणबत्त्या हातात घेतलेली गायकवृंदांची मिरवणूक निघू लागली. पुढे त्यात येशूजन्माच्या कथेचं वाचन आलं आणि वाचनासाठी नामवंत अभिनेते येऊ लागले. फ्लोरिडात हा कार्यक्रम 1994 पासून एपकॉट या डिस्नीच्या दुसऱ्या पार्कात होतो. आजही तो दिवसाच्या तिकिटात आहे. जागेची खात्री हवी असेल तर मात्र जेवणासह वेगळे पैसे भरावे लागतात.

हॅलोविनचा उगम शेजाऱ्याकडचा. डिस्नीलँडपासून दहा-बारा किलोमीटरवर, ब्वेना पार्क गावात, बेरीच्या शेतातून आणि चिकनच्या खाणावळीतून वाढलेलं एक पार्क आहे. तिथे 1973 च्या ऑक्टोबरमध्ये तीन रात्री भुतांचा खेळ मांडला गेला. पार्कात जुन्या खाणगावाची प्रतिकृती आधीपासून होती, त्यामुळे अंधार, धूर आणि मुखवटे घातलेले कर्मचारी एवढ्यावर भागलं. ती कल्पना देशभर पसरली. सणाच्या निमित्ताने भीती विकता येते, आणि तीही रात्री, वेगळ्या दराने, हे त्या तीन रात्रींनी दाखवून दिलं.

आता त्या तिकिटाकडे येऊ, कारण सगळा गुंता तिथे आहे.

या रात्रींच्या तिकिटाला जाणकार ‘हार्ड तिकीट’ म्हणतात. आपल्याला त्यात ‘कडक’ किंवा ‘अवघड’ असा अर्थ ऐकू येतो, पण शब्द नाटक-सिनेमाच्या धंद्यातला आहे. मोठे चित्रपट मोजक्याच थिएटरांत, ठरलेल्या खेळाला, नंबर टाकलेल्या खुर्च्यांसह दाखवले जात, तेव्हा त्या विशिष्ट तारखेच्या तिकिटासाठी हा शब्द चाले. पार्कांनी तो उचलला तो त्याच अर्थाने: ठरलेली रात्र, ठरलेले तास, मर्यादित तिकिटं. यातून दोन गैरसमज होतात आणि दोन्ही खिशाला चाट लावतात. पहिला म्हणजे हे दिवसाच्या तिकिटावर चढवलेलं जादा तिकीट आहे. ते तसं नाही. ते स्वतंत्र आहे. नुसतं तेवढंच घेऊन दुपारी चार वाजता आत जाता येतं. दोन्ही लागतात असं समजून दोन्ही काढणाऱ्याने एक वाया घालवलेलं असतं. दुसरा गैरसमज उलटा आणि जास्त त्रासदायक. आपल्या दिवसाच्या तिकिटावर रात्रीपर्यंत थांबता येईल असं धरून माणूस येतो, आणि सहा वाजता त्याला कळतं की आजची तारीख पार्टीची होती. ज्याने लांबून येऊन एकच दिवस या पार्कासाठी ठेवला आहे, त्याची रात्रीची आतषबाजी तिथेच बुडते.

वेगळ्या तिकिटाच्या रात्री पार्कांना नव्या नव्हत्या. शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी डिस्नीलँडमध्ये 1961 पासून तशी रात्र होत असे. पण एक योगायोग मला फार बोलका वाटतो. 1982 पर्यंत या पार्कांत ए ते ई अशा दर्जांच्या कुपनांची पुस्तकं चालत. प्रत्येक खेळासाठी एक कुपन फाडून द्यायचं, आणि सगळ्यात भारी खेळांना ई. 1982 मध्ये ती पद्धत संपली आणि ‘एकदा आत आलात की सगळं तुमचं’ हे तत्त्व आलं. त्यानंतर एकच वर्षाने, 1983 मध्ये, मॅजिक किंगडममध्ये ख्रिसमसची पहिली वेगळ्या तिकिटाची पार्टी झाली. कुपन गेलं आणि वर्षभरात त्याची जागा रात्रीने घेतली, असं म्हटलं तर ते अन्यायाचं होणार नाही. म्हणजे फ्लोरिडापुरतं बोलायचं तर वेगळ्या पैशांची सुरुवात हॅलोविनने केलेली नाही, ख्रिसमसने केली. हॅलोविनला दोष देणारे हे विसरतात.

1995 हे दुसरं महत्त्वाचं वर्ष. 31 ऑक्टोबरला, फक्त एका रात्रीसाठी, मॅजिक किंगडममध्ये हॅलोविनची पार्टी ठेवली गेली. तिच्या नावातच ‘फार भीतीदायक नाही’ असं आश्वासन होतं, आणि ते कुणाला उद्देशून होतं हे उघड आहे. जवळच्याच ओर्लँडो शहरात, 1990 मध्ये उघडलेल्या युनिव्हर्सल या प्रतिस्पर्धी कंपनीच्या सिनेमाच्या पार्काने 1991 मध्ये तीन भयरात्री केल्या होत्या. पुढच्याच वर्षी त्यांना आजचं नाव मिळालं आणि तरुणांचे घोळके तिकडे वळू लागले. लहान मुलांच्या आईबापांसाठी जागा मोकळी होती, ती या पार्टीने घेतली. पोतडीभर गोळ्या-चॉकलेटं, वेश करून आलेली पात्रं, आणि मोठ्यांनाही वेश करायची मुभा. ही शेवटची गोष्ट छोटी वाटते, पण एरवी 14 आणि त्यावरच्या वयाच्या कुणालाही या पार्कांत वेश करून येता येत नाही. पार्टीच्या रात्री आई, बाप आणि आजी एकाच गोष्टीतली पात्रं होऊन फिरताना दिसतात. ख्रिसमसच्या पार्टीकडे याच्या तोडीचं काही नाही. तिथे गरम कोको, बिस्किटं आणि मेन स्ट्रीट या पार्कातल्या मुख्य रस्त्यावर साबणाच्या फेसाचा बर्फ मिळतो. पाहुण्याने स्वतः काही करावं असं त्यात फार कमी आहे.

त्याच 1995 मध्ये, डिस्नीच्याच शेजारच्या स्टुडिओ पार्कात ख्रिसमसला एक अजब देणगी मिळाली. आर्कान्सातल्या लिटल रॉक शहरात एका व्यावसायिकाने 1986 पासून मुलीच्या हट्टापायी घरावर दिव्यांच्या माळा लावायला सुरुवात केली होती. माळा लाखोंच्या घरात गेल्या, बघ्यांच्या गाड्यांनी रस्ते अडले, शेजारी कोर्टात गेले. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि निकाल दिव्यांच्या विरोधात लागला. मग ते दिवे फ्लोरिडात आले आणि दिवसाच्याच तिकिटात, 2016 च्या जानेवारीपर्यंत, लोकांना दिसत राहिले. पुढे नव्या बांधकामासाठी ती गल्ली पाडली. एकाच वर्षी दोन सणांना दोन वाटा मिळाल्या, एकाला वेगळ्या तिकिटाची रात्र आणि दुसऱ्याला सगळ्यांसाठी उघडी गल्ली, हे मला या इतिहासातलं सगळ्यात लक्षात राहणारं वळण वाटतं. त्यातली उघडी गल्ली आज उरलेली नाही, याचं वाईटही वाटतं.

हॅलोविनची एक रात्र 2024 पर्यंत 38 रात्रींची झाली, 9 ऑगस्ट ते 31 ऑक्टोबर. ऑगस्टमध्ये हॅलोविन कसला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर शाळेच्या वेळापत्रकात आहे. फ्लोरिडात ऑगस्टच्या मध्याआधीच शाळा सुरू होतात, आणि तिथून ऑक्टोबरपर्यंत पार्कांचा ओहोटीचा काळ असतो. त्या रिकाम्या संध्याकाळी पार्टीने भरल्या. ख्रिसमसला ही सोय नाही, कारण त्याच्या शेवटच्या आठवड्यात पार्क मुळातच फुटेस्तोवर भरलेलं असतं. म्हणून ख्रिसमसच्या पार्ट्या साधारण 20 डिसेंबरला थांबतात.

आणि इथेच दोघांमधला सगळ्यात मोठा भेद आहे. पार्ट्या थांबल्या की ख्रिसमसची मिरवणूक आणि आतषबाजी वर्षअखेरपर्यंत दिवसाच्या तिकिटावर दाखवली जाते. ज्याला वेगळं तिकीट परवडत नाही, पण गर्दी सोसायची तयारी आहे, त्याला शेवटच्या आठवड्यात ते सगळं मिळतं. हॅलोविनमध्ये असा एकही दिवस नाही. मिरवणुकीच्या पुढे अंधारातून घोडा दौडवत येणारा मुंडकं नसलेला स्वार, त्यामागची भुतं, रात्रीची आतषबाजी: पहिल्या पार्टीपासून शेवटच्या पार्टीपर्यंत सगळं पट्टीवाल्यांसाठीच. दिवसा येणाऱ्याला हॅलोविन मिळतो तो भोपळ्यांच्या माळांपुरता.

सहाला पार्क बंद करण्याच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो खरा आहे. पार्टीच्या दिवशी बरेच जण पार्क टाळतात, त्यामुळे दिवसाच्या रांगा आखूड होतात. सकाळी लवकर पोचणाऱ्याला सहापर्यंत नेहमीपेक्षा जास्त खेळ मिळू शकतात. पण हा फायदा माहितगारांना होतो. पहिल्यांदा येणाऱ्याला तो ठाऊक नसतो, आणि दिवसाचं तिकीट सहाला संपणार असलं तरी त्याचे तास भरून मिळत नाहीत.

कॅलिफोर्नियाने वेगळी वाट धरली. डिस्नीलँडमध्ये ख्रिसमसची मिरवणूक दिवसाच्या तिकिटावर आहे. ‘स्मॉल वर्ल्ड’ची नौकासफर 1997 पासून नाताळी रूपात सजते. आणि 1969 मध्ये उघडलेल्या झपाटलेल्या हवेलीला 2001 पासून दरवर्षी असा साज चढतो की हॅलोविन आणि ख्रिसमस एकाच सफरीत बसतात. त्याचा आधार 1993 चा एक चित्रपट, बाहुल्या तसूतसू हलवून चित्रित केलेला. तो फार काळोखा वाटल्याने मालक कंपनीने तो आपल्या मुख्य नावाखाली काढला नव्हता. आता त्याच गोष्टीतल्या सांगाड्यांसाठी हवेली साधारण ऑगस्टअखेरीपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत राखून ठेवली जाते. तोक्योच्या डिस्नीलँडनेही 2004 मध्ये हा साज घेतला. फ्लोरिडाच्या हवेलीने तो कधीच घेतला नाही. कॅलिफोर्नियात हॅलोविनची वेगळ्या तिकिटाची रात्र आहेच, पण 2019 पासून ती शेजारच्या दुसऱ्या पार्कात भरते, त्यामुळे मूळ पार्कात सणाचा वाटा सगळ्यांना राहतो.

तिथल्याच दुसऱ्या पार्कात 2016 पासून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ‘हॉलिडेज’ नावाचा महोत्सव असतो. इथला ‘हॉलिडे’ म्हणजे सुट्टी नव्हे आणि निव्वळ ख्रिसमसही नव्हे. त्यात ज्यूंचा हनुका आहे, आफ्रिकी-अमेरिकी लोकांचा क्वान्झा आहे, तीन राजांचा सण आहे आणि दिवाळीही आहे. दिवाळी बहुतेकदा तोवर उलटून गेलेली असते, तरी पार्कात ती ख्रिसमसच्या शेजारी बसते. महाराष्ट्रातून दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्या कुटुंबाची तारीख मात्र बऱ्याचदा हॅलोविनच्या पार्ट्यांत पडते.

2020 मध्ये महामारीमुळे मॅजिक किंगडममध्ये दोन्ही पार्ट्या झाल्या नाहीत. 2021 मध्ये त्या वेगळ्या नावांनी, पाच तासांऐवजी हॅलोविनची तीन आणि ख्रिसमसची चार तासांची होऊन परतल्या, तरी दर 129 डॉलरपासून सुरू होत होते आणि ख्रिसमसची सगळ्यात महाग रात्र 249 डॉलरवर गेली. 2022 मध्ये जुनी नावं आणि पाच तास परत आले. 2024 मध्ये हॅलोविनची स्वस्त रात्र 119 डॉलरला होती, ती ऑगस्टमधली. महाग 199 ला. ख्रिसमस 169 पासून 219 पर्यंत. म्हणजे ज्या सणाची मिरवणूक शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना दिसते त्याचं वेगळं तिकीट जास्त महाग आहे, आणि ज्याची मिरवणूक दिवसा येणाऱ्याला दिसतच नाही त्याच्या रात्री मोजून कितीतरी जास्त.