जुन्या रेल्वे स्लीपरचे लाकूड: फळीवरील खुणा आणि त्यांची कारणे

आमच्याकडून स्लीपरच्या, म्हणजे रुळांखाली आडव्या टाकलेल्या ठोकळ्यांच्या, लाकडाचे टेबल किंवा बाक घेणारे ग्राहक बहुधा पहिला प्रश्न फळीवरील भोकांविषयी विचारतात. ही भोके किडीची नसून रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी खिळ्यांची आहेत.

ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर २७५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि १३ जाड असतो. गाड्यांच्या भाराने रुळाखालची लोखंडी प्लेट लाकडात हळूहळू रुतते, त्या खोलगटात पावसाचे पाणी मुरते आणि कूज तिथूनच सुरू होते. टोकाला गेलेली चीर डोळ्यांना जास्त खुपते. परंतु खरा धोका सैल झालेल्या खिळ्याचा असतो, कारण त्यामुळे रूळ बाहेर सरकून दोन रुळांमधले १६७६ मिलिमीटरचे अंतर वाढू शकते. म्हणूनच जुने भोक लाकडी खुंटीने बुजवून शेजारी गिरमिटाने नवे पाडले जाते. आपल्या फळीवर एकमेकांलगत दोन-तीन भोके असतील, तर तो स्लीपर निकामी ठरण्यापूर्वी असाच सांभाळला गेला होता.

स्लीपर बदलण्याच्या वेळी मुकादम आधी लाल झेंडे लावून दोन्ही बाजूंनी रूळमार्ग सुरक्षित करून घेतो. मग गँगमन, म्हणजे रूळमार्गाची देखभाल करणारे कामगार, स्लीपरच्या बाजूची खडी उपसतात, खिळे पहारीने उपटतात, जॅक लावून रूळ किंचित उचलतात आणि सत्तर किलोंच्या आसपास वजनाचा तो ठोकळा आडवा ओढून काढतात. नवा स्लीपर सरकवून, अंतर मोजून खिळे ठोकल्यावर त्याच्याखाली खडी बीटर या ठासणीच्या अवजाराने ठासून भरतात. हे ठासणे नीट झाल्याशिवाय लगतच्या स्लीपरला हात लावत नाहीत, कारण सलग दोन-तीन आधार एकदम निघाले तर रूळ खचू शकतो. आमच्या मते या साऱ्या कामात सर्वाधिक कौशल्य या ठासण्यातच आहे.

आता मुख्य मार्गांवर काँक्रीटचे स्लीपर आले असून लाकडी स्लीपर प्रामुख्याने लोखंडी गर्डरच्या पुलांवर उरले होते. तेथेही पोलादी व संमिश्र स्लीपर येत आहेत. पुलावरचा स्लीपर अधिक जाड असतो आणि गर्डरवरील रिव्हेटांची डोकी बसावीत म्हणून त्याच्या खालच्या अंगाला खाचा कोरलेल्या असतात. या खाचा आम्ही रंधून काढत नाही.

एका बाबतीत मात्र आम्ही तडजोड करीत नाही. साल वृक्षाचे लाकूड मुळातच टिकाऊ असते, तर चीड, देवदार अशा मऊ लाकडात कूज व वाळवी रोखण्यासाठी क्रिओसोट हे डांबरी तेल दाबाने भरले जात असे. ते तेल आरोग्यास घातक आहे आणि वरचा थर रंधून पूर्णपणे जात नाही. त्यामुळे काळपट, डांबराचा वास येणारा स्लीपर आम्ही जेवणाच्या टेबलासाठी, पलंगासाठी किंवा लहान मुलांच्या वस्तूंसाठी देत नाही, ग्राहकाने आग्रह केला तरीही. असे लाकूड आपल्याकडे आधीपासून असल्यास त्याचे तुकडे बंबात, चुलीत किंवा होळीत जाळू नयेत.