बीएसएल-२ प्रयोगशाळेचा अर्ज परत का येतो?

दारावर 'बीएसएल-२' (बायोसेफ्टी लेव्हल, म्हणजे जैवसुरक्षा पातळी २) अशी पाटी लावून प्रयोगशाळा त्या पातळीची होत नाही. कोणता सूक्ष्मजीव हाताळणार आणि त्याचं काय करणार, यावर पातळी ठरते. भातलावणीनंतर येणाऱ्या लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) संशयितांचं रक्त तपासायला बीएसएल-२ पुरते. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांदा पट्ट्यातल्या माकडतापाचा विषाणू वाढवायला मात्र ती मुळीच चालत नाही. त्यामुळे अर्जात 'विविध जिवाणू' असं मोघम लिहू नका. प्रत्येकाचं नाव, जोखीम गट (तो किती घातक, त्याचा वर्ग) आणि नेमकं काम द्या.

असं संशोधन करणाऱ्या संस्थेला घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय बदल केलेल्या जीवांबाबतच्या १९८९च्या नियमांनुसार संस्थात्मक जैवसुरक्षा समिती लागते. तिची नोंदणी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पोर्टलवर होते. माहिती भरणं सोपं, घोडं अडतं ते सदस्यांपाशी. जैवसुरक्षा अधिकारी वैद्यकीय पदवीधर हवा. तालुक्याच्या विज्ञान महाविद्यालयात एमबीबीएस कुठून आणायचा? मग सूक्ष्मजीवशास्त्राच्या सरांचंच नाव टाकलं जातं आणि अर्ज परत येतो. छोट्या संस्थांना ही अट जाचक आहे; सरकारी रुग्णालयातला एखादा डॉक्टर नेमून देण्याची सोय खरं तर व्हायला हवी. तोवर गावातल्या डॉक्टरांचं संमतीपत्र आधी हातात घ्या, मगच पोर्टल उघडा. बाहेरचा तज्ज्ञही खरोखर दुसऱ्या संस्थेतला हवा. समितीची मुदत ३ वर्षं असते.

सर्वांत जास्त गफलत यंत्राच्या बिलात होते. लॅमिनार फ्लोचं बिल जोडून 'सेफ्टी कॅबिनेट आहे' असं लिहिलेलं असतं. नेहमीचा लॅमिनार फ्लो गाळलेली हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर सोडतो. त्याने प्लेट स्वच्छ राहते, माणूस नाही. हवी ती प्लेट आणि माणूस दोघांनाही जपणारी क्लास २ बायोसेफ्टी कॅबिनेट. तिच्यासोबत कारखान्यातला दाखला पुरत नाही. कॅबिनेट जागेवर बसवल्यावर हवेचा वेग, धूर-चाचणी आणि हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) फिल्टरची गळती तपासल्याचा अहवाल लागतो. ही तपासणी दरवर्षी करायची, आणि कॅबिनेट हलवली तर लगेच. आपल्याकडे उकाड्यामुळे डोक्यावर पंखा सुरूच असतो. त्या झोताने कॅबिनेटच्या तोंडाशी असलेला हवेचा पडदा फाटतो आणि धूर बाहेर येतो. पंखा काढा, एसीचा झोत वळवा, खिडकी-दारापासून लांब जागा निवडा.

जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून, नमुना २ भरून. खाटा नसलेल्या प्रयोगशाळेला ती एकदाच घ्यावी लागते. ९० दिवसांत हरकत आली नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं, पण हे दिवस परिपूर्ण अर्ज पोचल्यापासून मोजतात. एक कागद राहिला असेल, तर पोचपावतीच्या तारखेवर विसंबू नका. कचऱ्याच्या सामाईक प्रक्रिया केंद्राशी केलेला करार जोडाच. कल्चर प्लेट (जंतू वाढवलेल्या बशा) केंद्राच्या गाडीत देण्याआधी जागेवरच ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करायच्या असतात, त्यामुळे ऑटोक्लेव्हची नोंदवही लागते. पावसात वीज जाऊन फेरी अर्धवट राहिली, तर ती पहिल्यापासून लावा आणि तशीच नोंद करा.

बीएसएल-३चा विषय या अर्जात आणू नका. त्याला आरसीजीएमचं (जैवतंत्रज्ञान विभागातल्या जनुकीय फेरफार आढावा समितीचं) वेगळं प्रमाणपत्र लागतं.