ब्रिज वेगळं, पॅरलल वेगळं: चार चॅनेलच्या अ‍ॅम्पवर वूफर जोडताना ओहम नेमका कुठला धरायचा

"दोन वूफर पॅरलल करून ब्रिजला टाकले, अ‍ॅम्पवर २ ओहम लिहिलेलंच आहे, मग प्रोटेक्टचा (अ‍ॅम्प स्वतःला वाचवायला बंद पडतो तो) लाल दिवा का लागून राहिला भो?" लग्नसराई जवळ आली, बोलेरो-स्कॉर्पिओत अहिराणी गाणी दणक्यात वाजवायची घाई सुरू झाली की जळगाव-भुसावळपासून पार शहाद्यापर्यंत हाच प्रश्न फिरतो, आणि त्याला मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं, "अ‍ॅम्प लोकल असंल, मोठा घे." अ‍ॅम्प बहुतेक वेळा चांगलाच असतो. ब्रिज आणि पॅरलल या दोन गोष्टी एकच आहेत असं धरून वायर मारलेली असते, आणि मग चांगला अ‍ॅम्प विकून लोक दुसरा आणतात, त्यालाही तशीच वायर मारतात.

ओहम म्हणजे वूफरचा विजेला होणारा अडथळा, तो जितका कमी तितका अ‍ॅम्पवर ताण जास्त. पॅरलल तुम्हाला येतंच, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. प्लसला प्लस, मायनसला मायनस, दोन ४ ओहमचे झाले २. सिरीज केलं (एकाचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला) तर ४ आणि ४, ८. एका वूफरमध्ये दोन कॉइल, म्हणजे कोन (पडदा) हलवणारी तारेची वेटोळी, असतील (डबल कॉइल म्हणतात तो) तरी हिशोब तोच, फक्त कॉइल धरून करायचा. बस.

आता एक गोष्ट पक्की करा. पॅरलल ही वूफरच्या बाजूची जोडणी आहे आणि ब्रिज ही अ‍ॅम्पच्या बाजूची. पॅरलल केल्यावर लोड (अ‍ॅम्पला जोडलेला एकूण ओहम) बदलतो. ब्रिज केल्यावर वूफर ४ ओहमचा ४ ओहमचाच राहतो, पण त्याला ओढणारे चॅनेल एकाचे दोन होतात. एका चॅनेलचा प्लस घ्यायचा, शेजारच्या चॅनेलचा मायनस घ्यायचा, वूफर त्या दोघांच्या मधे. अ‍ॅम्पच्या पट्टीवर त्या दोन स्क्रूंना जोडणारी रेघ छापलेली असते, बहुतेक अ‍ॅम्पला डाव्याचा प्लस आणि उजव्याचा मायनस, पण आपल्या अ‍ॅम्पवर काय छापलंय तेच बघायचं, मित्राच्या अ‍ॅम्पवरचं नाही. आणि हे हात जोडून सांगतो, दोन चॅनेलचे प्लस एकमेकांना जोडणं म्हणजे ब्रिज नाही, ते पॅरललही नाही, ते दोन चॅनेल एकमेकांवर सोडणं आहे, तिथं आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातात.

ब्रिजमध्ये होतं काय ते नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथंच आहे. घरी ताक घुसळायची रवी बघितली असेल, दोरीचं एक टोक ओढलं की दुसरं सैल सोडायचं, मग उलट. ब्रिजचे दोन चॅनेल तसेच चालतात, एक वर जातो तेव्हा दुसरा तेवढाच खाली. त्यामुळे वूफरवर व्होल्टेज एका चॅनेलच्या दुप्पट पडतं. पण मग कॉइलच्या बरोबर मध्यावर काय असतं? शून्य. एका टोकाला जेवढं प्लस, दुसऱ्या टोकाला तेवढंच मायनस, मधला बिंदू हलतच नाही. म्हणजे डाव्या चॅनेलच्या बाजूनं बघितलं तर त्याच्या वाट्याला अर्धीच कॉइल आली, उजव्याच्याही अर्धीच. ४ ओहमचा वूफर ब्रिजला लावला की प्रत्येक चॅनेलला तो २ ओहमचा दिसतो.

हीच ती ओळ. अ‍ॅम्पवर "२ ओहम स्टेबल" (२ ओहमपर्यंत न अडखळता चालतो) लिहिलेलं असतं ते एका चॅनेलपुरतं असतं. त्या अ‍ॅम्पला ब्रिजमध्ये कमीत कमी ४ ओहम लागतात. तुम्ही दोन ४ ओहमचे वूफर पॅरलल केले, २ झाले, तो ब्रिजला टाकला, आता प्रत्येक चॅनेलला १ ओहम दिसून राहिला. मग लाल दिवा नाही लागणार तर काय.

विश्वास बसत नसेल तर अ‍ॅम्पचं माहितीपत्रक काढा, पुरावा त्यातच छापलेला असतो. समजा ४ ओहमला ७५ वॉट गुणिले ४ (म्हणजे चारही चॅनेलला प्रत्येकी ७५), २ ओहमला १०० वॉट गुणिले ४ आणि ब्रिजला ४ ओहमवर २०० वॉट गुणिले २. हा २०० कुठून आला? ७५ ची दुप्पट १५०, ती नाही. १०० ची दुप्पट २००. कंपनी स्वतःच सांगून राहिली की ब्रिजला ४ ओहम लावला की आमचे दोन चॅनेल २-२ ओहमवर चालतात. करंट काढून बघा, २ ओहमवर १०० वॉट म्हणजे ७ अँपिअरच्या आसपास, आणि ब्रिजमध्ये ४ ओहमवर २०० वॉट म्हणजे तेच ७ अँपिअर. ट्रान्झिस्टरला फरकच नाही. तिथं २ ओहम लावला की तो १४ च्या दिशेनं पळणार, आणि अ‍ॅम्प तेवढ्यासाठी बनवलेलाच नाही. आणि ब्रिजच्या ओळीत २ ओहमचा आकडा छापलेलाच नसतो, ती जागा रिकामी ठेवलेली असते ती उगाच नाही.

म्हणून तोच २ ओहमचा जोड एका जागी चालतो आणि दुसऱ्या जागी चालत नाही. दोन ४ ओहमचे वूफर पॅरलल करून एकट्या चॅनेल तीनवर टाका, २ ओहम, १०० वॉट, आरामात वाजेल. तीच जोडी तीन-चारच्या ब्रिजवर टाका, प्रोटेक्ट. वूफर तेच, वायर तीच. लोकांना हेच पटत नाही, म्हणतात काल तर चालत होता. चालत होता कारण काल एका चॅनेलवर होता.

आता याच्या उलट बाजूचा गैरसमज. काही जण हे ऐकून घाबरतात आणि दोन ४ ओहमचे वूफर सिरीज करून, ८ ओहम करून ब्रिजला लावतात आणि "ब्रिज केलाय, आता पॉवर बघ" म्हणतात. सुरक्षित आहे, १०० टक्के सुरक्षित, पण पॉवर वाढलेली नाही. ८ ओहम ब्रिजला म्हणजे प्रत्येक चॅनेलला ४ ओहम, म्हणजे दोन्ही मिळून १५०, प्रत्येक वूफरला ७५. आणि एक वूफर चॅनेल तीनवर, एक चारवर असा साधा लावला असता तरी प्रत्येकाला ७५ च. माझं मत विचाराल तर अशा वेळी सरळ वेगवेगळे लावा, वायर कमी, डोकेदुखी कमी, एकाची कॉइल गेली तरी दुसरा वाजत राहतो. ब्रिजचा खरा फायदा एकाच ४ ओहमच्या लोडला आहे, ७५ च्या जागी २०० मिळतात ते तिथं.

यावरून खरेदीचं ठरवा, आणि दुकानात जायच्या आधी ठरवा. चार चॅनेलचा अ‍ॅम्प घेऊन पुढचे दोन चॅनेल दरवाज्याच्या स्पीकरला आणि मागचे दोन ब्रिज करून एका वूफरला, हा आपल्याकडं सगळ्यात सोयीचा सेट आहे, त्यासाठी एकतर सिंगल कॉइल ४ ओहम घ्या, नाहीतर डबल कॉइल २-२ ओहमचा घेऊन सिरीज करा, ४ होतात. दुकानदार ४-४ चा डबल कॉइल हातात देतो, "दोन कॉइल म्हणजे जास्त दणका" म्हणून, तो घेऊ नका. एकटा ४-४ वाला सिरीजला ८ होतो, म्हणजे पॉवर कमी, आणि पॅरललला २, जो ब्रिजला चालत नाही, मधलं काहीच बनत नाही. ४-४ चे दोन असतील तर मात्र छान जमतं, प्रत्येकाच्या दोन कॉइल पॅरलल करून २-२, मग दोघं एकमेकांशी सिरीज, ४ झाले. फक्त दोन्ही वूफर एकाच मॉडेलचे हवेत, सिरीजमध्ये वेगवेगळे ठेवले की पॉवर सारखी वाटली जात नाही. २-२ च्या दोन्ही कॉइल पॅरलल केल्या तर १ ओहम, ते मोनोब्लॉकचं (फक्त वूफरसाठीच्या एका चॅनेलच्या अ‍ॅम्पचं) काम आहे, तेही त्याच्यावर १ ओहम स्टेबल लिहिलेलं असेल तर.

छोट्या गोष्टी पटकन. ब्रिज केलं तरी दोन्ही चॅनेलला आरसीएमधून (टेपकडून अ‍ॅम्पला गाणं आणणारी पिनेची वायर) सिग्नल लागतो. एकच आरसीए खोचली तर बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये दुसरा चॅनेल गप्प बसतो, व्होल्टेज अर्धं आणि पॉवर चौथाई होते, मग लोक गेन फुल करतात. वाय केबल (एका पिनेच्या दोन करणारी) लावा, नाहीतर अ‍ॅम्पवर इनपुटचं बटण असेल तर ते बघा. एलपीएफ (फक्त खालचा बेस पुढं सोडणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास. गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही, टेपच्या आउटपुटशी अ‍ॅम्प जुळवण्यासाठी ते आहे, फुल फिरवलं की सिग्नल कापला जातो आणि कॉइल जळते. आणि गाडीच्या टेपमधून येणाऱ्या स्पीकरच्या वायरी कधीच ब्रिज करू नका, टेपमधली आयसी (टीडीए ७३८८ वगैरे) आतूनच ब्रिज असते, तिचा मायनस ही बॉडीची अर्थिंग नाही. अ‍ॅम्पच्या ब्रिजचंही तेच, वूफरची कुठलीच वायर बॉडीला लागता कामा नये.

डब्यावरच्या "३००० वॉट" ची मला मनापासून चीड आहे. फ्यूज बघा. २५ अँपिअरचे दोन फ्यूज असतील तर ५० गुणिले १३.८, म्हणजे आत जाणारीच पॉवर ६९० वॉट, त्यातली बरीच उष्णता होऊन जाते, मग बाहेर ३००० कुठून येणार? आरएमएसचा (सतत मिळणाऱ्या खऱ्या पॉवरचा) आकडा तेवढा वाचा. तसंच तांब्याचं पाणी दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त म्हणून घेऊ नका, घेतलीच तर जाडी वाढवा, आणि मेन फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवाच.

उन्हाचंही सांगतो, कारण आपल्याकडं अ‍ॅम्प जळाला की सगळे भुसावळच्या उन्हावर ढकलतात. मे महिन्यात बंद डिक्कीत अ‍ॅम्प तापतो हे खरंच आहे, त्याला हवा लागेल असा बसवा, वर गालिचा टाकू नका. पण बरोबर ओहमवरचा अ‍ॅम्प उन्हात फारतर थोडा वेळ बंद होतो आणि गार झाला की सुरू होतो. चुकीच्या ओहमवरचा अ‍ॅम्प थंडीत सारंगखेड्याच्या यात्रेला जातानासुद्धा बेसच्या प्रत्येक ठोक्याला प्रोटेक्टमध्ये जाईल. दिवा ठोक्यावर लागतो की तापल्यावर, एवढं बघितलं तरी कारण कळतं.

वायर अ‍ॅम्पच्या स्क्रूत घालायच्या आधी दोन टोकांना मल्टिमीटर लावा. मीटर नेहमी थोडं कमी दाखवतो, ४ ओहमच्या लोडला सव्वातीन ते पावणेचारच्या मधे, २ ओहमला दीड-पावणेदोनच्या आसपास. ब्रिजला लावायचं असेल आणि मीटर पावणेदोन दाखवत असेल तर तिथंच थांबा, वायर उलगडून परत जोडा. मग ९ व्होल्टची बॅटरी त्याच टोकांना क्षणभर टेकवा, प्लसला प्लस, दोन्ही कोन एकदमच बाहेर आले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत गेला तर एकाची पोलॅरिटी उलटी आहे, अ‍ॅम्पला काही होणार नाही पण दोघं एकमेकांचा बेस खाऊन टाकतील, त्या एकाच्या वायरी उलट्या करा आणि मगच स्क्रू आवळा.