भीतीची पायली प्रत्येक मुलखाची वेगळी

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात मी शेजारच्या काकूंना एक प्रश्नावली वाचून दाखवत होतो, एमएच्या प्रोजेक्टसाठी. प्रश्न होता, कोरोनाचा विचार आला की तुमचे तळहात घामेजतात का. काकू म्हणल्या, "अरे बाबा मे महिना चालूय, बीडमधी कोणाचा हात कोरडा राहतोय?" आता मी टिक कुठं करायची? आणि काकू घाबरलेल्या नव्हत्या असं नाही, लई घाबरल्या होत्या, पोरगा पुण्यात अडकला होता, पण त्यांची भीती हातात नव्हतीच. "पोटात गोळा येतो रे," एवढंच त्या परत परत सांगत होत्या, आणि पोटातल्या गोळ्याचा प्रश्न त्या कागदावर नव्हता.

कोरोनाची भीती मोजायचं हे माप, "फिअर ऑफ कोविड-19 स्केल", तयार झालं इराणमध्ये, 2020 च्या सुरुवातीला, 717 लोकांवर तपासून. फक्त 7 प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, म्हणजे कमीत कमी 7 आणि जास्तीत जास्त 35. झोप उडते का, छाती धडधडते का, बातम्या बघून जीव घाबरा होतो का, असे. एवढं छोटं आणि सोपं असल्यामुळं ते झपाट्यानं पसरलं, बांगला, तुर्की, इटालियन, अरबी, हिब्रू, कितीतरी भाषांत गेलं. मग समजा इथले सरासरी 18 आले आणि तिथले 22, तर साहजिकच वाटतं की तिथले लोक जास्त घाबरट. पण असं म्हणता येत नाही. जुन्या काळी पायलीचं माप जागोजाग वेगळं असायचं, इथल्या दहा पायल्या ज्वारी आणि तिथल्या दहा पायल्या ज्वारी सारखी भरायची नाही, तसंच हे.

भाषांतर नीट झालं का हे बघायला संशोधक ते उलटं करून बघतात, म्हणजे मराठीतलं परत इंग्रजीत, दुसऱ्याच माणसाकडून. पद्धत चांगली आहे, पण "तळहात घामेजतात" हे उलटं केलं तरी तंतोतंत बरोबरच येणार ना, शब्द जुळला, अनुभव नाही जुळला. म्हणून पुढची गणिती तपासणी लागते. दोन माणसं खरोखर सारखीच घाबरलेली असतील, एक इथला, एक तिकडचा, तर एकेका प्रश्नाला दोघांचे गुण साधारण सारखे पडले पाहिजेत. नाही पडले तर तो प्रश्न भीतीसोबत अजून काहीतरी मोजतोय. मूळ इराणी अभ्यासात सातही प्रश्न एकाच गठ्ठ्यात बसले होते, म्हणजे सगळे मिळून एकच गोष्ट मोजत होते, हिब्रू भाषांतर तपासलं तेव्हा दोन गठ्ठे निघाले, मनातली भीती एक आणि अंगात उमटणारी भीती दुसरी.

त्यात टिक करायची सवय पण वेगळी. 1995 च्या एका अभ्यासात जपान आणि तैवानच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांपेक्षा मधला पर्याय जास्त वेळा निवडला होता. आपल्याकडं मला दिसलं ते असं की शिकलेला पोरगा वही घेऊन समोर बसला की त्याचं मन राखायला लोक "हो हो" म्हणतात.

मला यातलं सगळ्यात आवडलेलं काम झिम्बाब्वेतलं आहे. तिथं शोना भाषेत "कुफुंगिसिसा" म्हणतात, म्हणजे अति विचार करणं, आणि संशोधकांनी लोकांच्या अशा बोलीतूनच मानसिक त्रास ओळखायची प्रश्नावली बांधली. आपल्याकडं "घोर लागणे", "धसका घेणे", "काळजात धस्स होणे" एवढे शब्द पडलेत, आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. धसका एकदाच बसतो, घोर रोज पोखरतो.

अजून एक, त्या इराणी मापाच्या सातही प्रश्नांत "मी" आहे, माझा जीव, माझी झोप. लेकराची काळजी नाही, पोटापाण्याची नाही. कॅनडा-अमेरिकेत त्याच वर्षी 36 प्रश्नांचं दुसरं माप आलं, त्यात आर्थिक फटक्याची भीती धरली होती, आणि ते फार गरजेचं होतं. 8 मे 2020 ला करमाडजवळ रुळावर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले, जालन्याहून चालत गावाकडं निघाले होते. त्या माणसांना घराबाहेर कशानं काढलं हे "कोरोनाची किती भीती वाटते" विचारून कळलं नसतं.

नंतर मी प्रश्नच बदलला. कारखान्यावरून परतलेल्या ऊसतोड बाया गावातल्या शाळेत ठेवल्या होत्या, त्यांना खिडकीतून विचारलं, मावशी जीवाला घोर कशाचा लागलाय? एक म्हणली, उचल फिटली नाही अजून. दुसरी म्हणली, गावातले हापशावर पाणी भरू देतेत का नाही काय माहीत. आजाराचं नाव तिसरीनं काढलं, ते पण सासऱ्याला दमा आहे म्हणून.