आरएफआयडी पाकिटाने खिसा वाचत नाही
युरोपला निघालेल्यांना व्हॉट्सॲपवर हा सल्ला हमखास येतो: चोर गर्दीत मशीन खिशाला टेकवून कार्डातले पैसे काढतात, आरएफआयडी पाकीट (कार्डाचे रेडिओ संकेत अडवणारं पाकीट) घ्या. ही भीती फाजील आहे. पैसे घेणारं मशीन व्यापाऱ्याच्या नोंदलेल्या खात्याला जोडलेलं असतं, त्यामुळे चोराचा माग लागतो. शिवाय फ्रान्समध्ये कार्ड टेकवून पिनशिवाय एका वेळी ५० युरोपर्यंतच जातात.

खरा चोर हातानेच पाकीट काढतो. एप्रिल २०१३ मध्ये खिसेकापूंच्या टोळ्यांना वैतागून पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी काम थांबवलं, संग्रहालय बंद राहिलं! मेट्रोचं दार मिटता मिटता धक्का बसतो, तेवढ्यात काम झालेलं असतं. महागडं पाकीट मागच्याच खिशात असेल तर काय उपयोग? चेनचा आतला खिसा बरा. आणि आईबाबांना पाठवत असाल तर कृपया दोघांचे पासपोर्ट एकाच पिशवीत देऊ नका.