३७०चा शाप
डेन्व्हर ब्रॉन्कोजच्या टेरेल डेव्हिसने १९९७च्या हंगामात चेंडू पोटाशी धरून ३६९ वेळा समोरच्या भिंतीत मुसंडी मारली. हा अमेरिकन फुटबॉल, पायाने खेळतात तो नव्हे. यातला रनिंग बॅक म्हणजे थोडाफार आपला कबड्डीतला चढाईपटू. फक्त त्याला पकडायला सातांऐवजी अकरा जण असतात आणि त्यातले काही सव्वाशे किलोच्या वरचे.

या खेळात ‘३७०चा शाप’ नावाची एक समजूत आहे. नियमित हंगामात ज्याने ३७० किंवा जास्त वेळा चेंडू वाहून नेला, तो पुढच्या वर्षी मोडतो. डेव्हिस एकाने वाचला म्हणायचा! पुढच्या वर्षी त्याने २,००८ यार्ड धाव घेतली, कारकिर्दीतली सर्वोत्तम. पण ३६९नंतर प्लेऑफमध्ये तो आणखी ११२ वेळा धावला होता. एकूण ४८१. ‘नियमित हंगाम संपला’ हे गुडघ्याला कोण सांगणार?

१९९८मध्ये तो ३९२ वेळा धावला आणि १९९९च्या चौथ्याच सामन्यात त्याच्या उजव्या गुडघ्याचे लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध, फाटले. शाप खरा ठरला? थांबा. तेव्हा चेंडू त्याच्या हातात नव्हताच. प्रतिस्पर्ध्याने पास मधल्यामध्ये पकडला, त्याला अडवायला डेव्हिस धावला आणि त्या झटापटीत स्वतःच्याच संघातला एक खेळाडू त्याच्या पायावर येऊन पडला.

शाप मानणाऱ्यांकडे दाखले मात्र आहेत. अटलांटाचा जमाल अँडरसन १९९८मध्ये ४१० वेळा धावला, पुढच्या वर्षी दुसऱ्याच सामन्यात गुडघा गेला. कॅन्सस सिटीच्या लॅरी जॉन्सनने २००६मध्ये ४१६चा विक्रम केला. पुढच्या वर्षी पाय दुखावला आणि आठच सामने खेळला. उलट एरिक डिकरसन १९८३मध्ये ३९० वेळा धावला आणि १९८४मध्ये ३७९ वेळा धावून २,१०५ यार्डांचा विक्रम करून गेला.

यातला निम्मा शाप मला साध्या गणिताचा वाटतो. ३७०पर्यंत पोहोचायचे तर खेळाडू वर्षभर धडधाकट हवा, त्याला वाट करून देणारे पुढचे गडी धडधाकट हवेत आणि संघ जिंकत हवा, कारण आघाडीवरचा संघ वेळ खाण्यासाठी चेंडू धावणाऱ्याकडे देतो. एवढी सगळी माणिकमोती एका वर्षी जुळली की पुढच्या वर्षी एखादे निसटणारच. शिखरावरून पुढचे पाऊल बहुधा खालीच पडते.

उरलेला निम्मा हाडामांसाचा. दिशा बदलताना धावणारा बाहेरच्या पायावर करकचून ब्रेक लावतो. त्या क्षणी मांडीचा स्नायू ताण घेतो आणि त्याच वेळी लांबतही असतो. स्नायूच्या धाग्यांची सर्वांत जास्त मोडतोड अशा कामात होते. दुखणे एक ते तीन दिवसांत टिपेला जाते, म्हणजे रविवारच्या सामन्यानंतर गुरुवारी पुन्हा उतरणाऱ्याचे हालच. तरी स्नायू लवकर सावरतो आणि तशाच ताणाला पुढच्या वेळी कमी दुखतो. अस्थिबंध आणि हाडे मात्र सावकाश चालतात. ताण पडलेल्या हाडात आधी जुना भाग पोखरला जातो, मग नवा भरला जातो. या एका फेऱ्याला काही महिने लागतात. मधल्या काळात ती जागा थोडी कच्चीच असते आणि तिच्यावर दर आठवड्याला मारा चालू असतो. वेगवान गोलंदाजांच्या कण्याची हाडे चिरतात ती याच हिशेबाने.

डेरिक हेन्रीचे घ्या. उंची एक मीटर नव्वद, वजन ११० किलोच्या पुढे. २०२०मध्ये तो ३७८ वेळा धावून २,०२७ यार्ड गेला. ३१ ऑक्टोबर २०२१ला इंडियानापोलिसविरुद्ध त्याच्या पायाच्या करंगळीमागचे लांब हाड मोडले. दिशा बदलताना भार तळव्याच्या त्याच कडेवर येतो आणि त्या हाडाच्या बुंध्याशी रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे तिथे स्क्रू बसवतात. पठ्ठ्याने त्या पायावर सामना पुरा केला! पण शापकथेत न बसणारी गोष्ट पुढे आहे: २०२२मध्ये तो ३४९ वेळा धावला, आणि २०२४मध्ये, वयाच्या तिशीत, बाल्टिमोरकडून १,९२१ यार्ड. या पेशात तिशीपर्यंत बहुतेकांचा बाजार उठलेला असतो.

म्हणून ‘हा गडी एवढा भार पेलेल का’ याचे उत्तर एका आकड्यात नाही. भार कोणत्या शरीरावर, किती दिवसांच्या अंतराने आणि आधी सवय किती, हे पाहावे लागते. आणि कुणाचा पाय कुणावर पडेल, हे तर कुठल्याच गणितात बसत नाही.

२०२४च्या अखेरीस फिलाडेल्फियाचा सेकॉन बार्कली ३४५ वेळा धावून २,००५ यार्डांवर होता. डिकरसनचा चाळीस वर्षांचा विक्रम मोडायला १०१ यार्ड हवे होते, एक सामना बाकी होता. प्रशिक्षकाने त्याला बाहेर बसवले. नंतर प्लेऑफमध्ये तो ९१ वेळा धावला आणि संघाने सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला. डिकरसनचा विक्रम तसाच राहिला.